दात साफ केले की हलतात का? घरातल्या तिघांच्या तोंडांबद्दल

नमस्कार. तुमचे प्रश्न वेगवेगळे आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसतेय. तुम्ही लिहिलंय की ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांजवळ रक्त येतं, म्हणून महिनाभर तिथं ब्रशच लावत नाही. आईंचं वय ६५, शुगर आहे, मिश्रीची सवय आहे, दोन दाढा हलतात, पण मशिननं दात साफ केले की उरलेलेही हलायला लागतात असं ऐकल्यामुळे त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. सात वर्षांच्या लेकीच्या मागच्या दाढेवर काळी रेघ आहे, पण दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप, म्हणून तुम्ही वाट बघताय. आणि शेवटी विचारलंय की दर सहा महिन्यांनी बोलावणं हा डेंटिस्ट लोकांचा धंदा आहे की खरंच गरज असते.

तिघांनाही दुखत नाहीये, आणि म्हणूनच तिघंही थांबलेत. मी सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवते. यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, शिक्षक, दुकानदार सगळे येतात आणि बहुतेक जण ठणका लागल्यावरच येतात. दातांच्या बाबतीत दुखणं फार उशिरा येतं. दाताच्या वरच्या कठीण थराला, इनॅमलला, संवेदनाच नसते. कीड तो थर ओलांडून आत उतरली की गार-गोड झोंबायला लागतं, आणि नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप जाते. हिरड्यांचा आजार तर त्याहून वाईट. दाताभोवतीचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, दुखत काहीच नाही, आणि माणसाला कळतं ते दात हलल्यावर. वय झालं म्हणून दात पडतात असं आपण सहज म्हणतो, पण वयानं दात पडत नाहीत. त्या वयापर्यंत साठत आलेल्या आजारानं पडतात.

आधी स्केलिंगचं, म्हणजे मशिननं दात साफ करण्याचं, बोलते, कारण तो समज आपल्याकडे फार पक्का आहे. "दात धुतलं की हलत्यात म्हणं ओ डॉक्टरबाई" हे मी नेहमी ऐकते. असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं जाणवलेलं असतं. मात्र त्याचं कारण वेगळं आहे. लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली उघडतात, त्यामुळे लाळेतले क्षार खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त बसतात. जंतूंचा चिकट थर रोज निघाला नाही की त्यात हे क्षार साठून त्याचं किटण होतं, आणि एकदा किटण झालं की कितीही घासा, ब्रशनं निघत नाही. कित्येकांच्या तोंडात मी आरसा धरून दाखवते: चार-सहा दातांच्या मागे मिळून एकच पिवळट-राखाडी भिंत झालेली असते. जिभेला ती सलग लागते, म्हणून माणसाला तेच आपले दात वाटतात. मशिनचं टोक लागलं की त्याचे तुकडे सुटून ट्रेमध्ये पडतात आणि मागे लालभडक सुजलेली हिरडी आणि मोकळी फट दिसते. त्या फटीत पूर्वी हिरडी होती, हाड होतं. ते सुजेमुळं केव्हाच गेलेलं असतं. दात आधीच सैल झालेला होता, किटणानं त्याला शेजारच्या दाताशी बांधून ठेवलं होतं, एवढंच. स्केलिंगचं मशिन दात घासून पातळ करत नाही. त्याचं टोक बारीक कंप पावतं आणि पाण्याच्या फवाऱ्याबरोबर किटण सुटतं. नंतर चार-आठ दिवस गार पाणी झोंबू शकतं, ते कमी होतं. झिजलेलं हाड मात्र सहसा परत येत नाही, म्हणून हे काम हाड शाबूत असताना करून घ्यायचं.

आता तुमचं रक्त. रक्त येतं म्हणून तिथं ब्रश न लावणं अगदी उलटं आहे. जिथं रक्त येतं तिथंच थर साठलाय, तिथंच ब्रश जास्त लागणार. मऊ केसांचा ब्रश घ्या. तो हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर तिरका टेकवा, म्हणजे केस हिरडीच्या कडेत शिरतील, आणि जागच्या जागी छोटे गोल फिरवत पुढे सरका. आडवा खराखरा ओढू नका. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरूनच पोचतो. ही जागा जवळजवळ प्रत्येकाची राहून जाते. सगळं मिळून दोन मिनिटं. पहिले काही दिवस रक्त येईलच, घाबरू नका. नुसती हिरडीची सूज असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते थांबतं. नाही थांबलं तर हिरडीखाली किटण आहे, ते आम्हालाच काढावं लागेल. आणि तुम्ही तंबाखू खात असाल किंवा सिगारेट ओढत असाल तर एक लक्षात ठेवा, तंबाखूनं हिरड्यांतलं रक्त यायचं कमी होतं, त्यामुळे आजार असूनही दिसत नाही.

सकाळी एकदा घासता, तसं रात्री झोपण्याआधीही घासायला हवं. खरं तर दोन्हींतलं महत्त्वाचं रात्रीचंच, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते आणि तोंडाची राखण करणारी लाळच असते. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का बघा, आपल्याकडच्या बहुतेक फ्लोराइड पेस्टवर १००० पीपीएम असं छापलेलं असतं. लाल दंतमंजन, राखुंडी, कोळशाची पूड, मीठ यांत फ्लोराइड नसतं आणि बोटानं जोर लावून घासल्यानं दाताच्या मानेपाशी खाच पडते, मग आयुष्यभर गार पाणी झोंबतं. कडुनिंबाच्या काडीला मी वाईट म्हणत नाही, पण ती दातांच्या आतल्या बाजूला नीट पोचत नाही. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका आणि भरभरून चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. आणि दोन दातांच्या मधल्या फटीत कुठलाच ब्रश शिरत नाही, तिथं दातांसाठीचा धागा (फ्लॉस) किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश लागतो. पिन घालणं मात्र बंद करा, सेफ्टी पिननं हिरडी फाडून घेतलेली माणसं मी बघते.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण सोलापुरातली कीड मला चहात दिसते. साखर तोंडात गेली की जंतू तिचं आम्ल करतात, आणि तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. लाळ ते पुन्हा ताळ्यावर आणते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एका दिवसात साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा तोंडात गेली याचा हिशेब महत्त्वाचा. कारखान्यात, दुकानात दर दीड-दोन तासांनी अर्धा कप गोड चहा आणि एखादं बिस्किट, असं चाललं तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही. पुरणपोळी, गूळपोळी जेवणात पोटभर खाल्लेली परवडते, पण दिवसभर थोडं थोडं गोड नको. आपली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी दातांच्या वाट्याला जात नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तासन्‌तास कोल्ड्रिंकचा एकेक घोट घेत बसण्यापेक्षा पाणी प्या, मठ्ठा प्या.

आईंचं प्रकरण मला सगळ्यात तातडीचं वाटतं. शुगर आणि हिरड्या यांचं दोन्ही बाजूंनी नातं आहे. शुगर ताब्यात नसली की हिरड्या लवकर सुजतात आणि हाड लवकर झिजतं, आणि हिरड्यांची सूज तशीच राहिली की शुगर आवरणं अवघड जातं. हिरड्यांचे उपचार झाल्यावर तीन महिन्यांची सरासरी शुगर थोडी खाली आलेली अभ्यासात दिसलेली आहे. त्यामुळे त्यांचे दात साफ करणं हा त्यांच्या शुगरच्या उपचाराचाच भाग समजा.

आणि मिश्री. आपल्याकडच्या बायका ती दात घासायला म्हणून सुरू करतात. प्रत्यक्षात ती भाजून कुटलेली तंबाखू आहे आणि तिची तलफ निकोटीनची असते. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं त्या सांगतात, तेही खरं असतं, कारण निकोटीननं आतडी हलतात. म्हणून रागावून डबी फेकून देऊ नका, त्या शेजारणीकडून आणतील. दिवसातून किती वेळा लावतात ते आधी बघा, एकेक वेळ कमी करा, सकाळी कोमट पाणी, भाजी-फळं वाढवा. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. आईंचा गाल आणि ओठ आतून उजेडात बघा, विशेषतः जिथं त्यांचं बोट रोज फिरतं तिथं. पांढरा किंवा लाल चट्टा, खरखरीत जागा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी थांबू नका. घरात कुणी मावा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किंवा सुपारी खात असेल तर उभी तीन बोटं तोंडात जातात का हे करून बघायला सांगा. जात नसतील तर तोंडाचं अस्तर आक्रसायला लागलेलं असू शकतं, आणि तो कर्करोगाकडे नेणारा आजार आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण माव्यातली सुपारीही तितकीच घातक आहे.

लेकीबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचून माझी पहिली शंका अशी की ती दाढ दुधाची नसावी. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. काही पडलेलं नसतं म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची पहिली दाढ असते आणि जन्मभर पुरवायची असते. लेकीचा गाल बाजूला करून मोजा: मधल्या रेषेपासून मागे सहावा दात असेल तर तो कायमचा. या दाढेवर खोल खाचा असतात, ब्रशचे केस त्यांत जात नाहीत, काळी रेघ तिथंच दिसते. कीड वरवर असेल तर सिमेंट भरून भागतं. कीड नसेल, नुसता डाग असेल, तर खाचा सीलंटनं, म्हणजे एका पातळ लेपानं, बुजवून टाकतात, सुई नाही, दुखणं नाही. उरलेल्या तीन दाढांनाही सीलंट करून घ्या. आणि समजा ती दुधाचीच निघाली, तरी दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. रात्रीचा ब्रश अजून तुम्ही स्वतः फिरवा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नीट जमत नाही.

आता धंद्याचा प्रश्न. सगळ्यांनी सहा महिन्यांनीच यायला हवं असं नाही. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था उपचारांच्या सूचना ठरवते, तिनं २००४ मध्येच सांगितलंय की मोठ्या माणसांना त्यांच्या तोंडाच्या स्थितीप्रमाणे ३ ते २४ महिन्यांनी बोलवावं आणि मुलांना १२ महिन्यांपेक्षा जास्त थांबवू नये. माझ्या मते तुमच्या आईंना सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, लेकीला सहा महिन्यांनी आणि तुमच्या हिरड्या सुधारल्या की तुम्हाला वर्षातून एकदा पुरे. सहा महिन्यांचं अंतर लक्षात राहत नाही म्हणून मी पेशंटना सांगते, गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) संपला की एकदा आणि आषाढी झाली की एकदा. डॉक्टर कुठलंही काम सांगतील ते आरशात किंवा एक्स-रेवर दाखवा म्हणावं. दोन दातांमधली कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे मागितला तर संशय घेऊ नका. हत्यारं ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेल्या) बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातात का तेही बघा, विचारायला लाजू नका. रस्त्याकडेला बसून पावडर-द्रव लावून पक्के दात बसवून देणाऱ्यांकडे आईंना अजिबात नेऊ नका. ते दात शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवलेले असतात, खाली घाण साठते आणि चांगले दातही जातात.

पैशाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये दातांचा विभाग आहे, आणि केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त जातो, पण शिक्षक तपासूनच पुढे जाऊ देतात आणि खर्च बराच कमी येतो. स्केलिंगचा आणि छोट्या फिलिंगचा खर्च शेकड्यांत असतो, तेच रूट कॅनाल आणि कॅप म्हटलं की हजारांत जातं. दुखल्यावर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पुढे ढकललेलं काम शेवटी तिथंच येतं. गोळीनं सूज उतरते, दाताच्या आतली कीड तशीच राहते. वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबूनही ठेवू नका, त्यानं हिरडी भाजते.

आईंना आणाल तेव्हा सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊनच आणा, उपाशीपोटी नको. शुगरचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. हलणाऱ्या दाढा काढायच्या की ठेवायच्या हे हिरडी तपासून आणि एक्स-रे बघूनच कळेल, आत्ता घरी हलवून बघत बसू नका. आणि हिरड्या बऱ्या होईपर्यंत त्यांची कडक भाकरी आमटीत चुरून, चांगली भिजू देऊन द्या.