वाचकांचे प्रश्न : मोठ्या शहरातील साहित्य संमेलनाला जाताना

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सेवेची बावीस वर्षे झाली, पण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आजवर वर्तमानपत्रातूनच पाहिले आहे. मोठ्या शहरात होणाऱ्या संमेलनाला एकदा तरी एकटीने जाण्याचे ठरवले आहे. नोंदणी, मुक्काम आणि कार्यक्रमांची निवड कशी करावी? तिथे ओळखीचे कुणीच नसेल, याची धास्तीही वाटते. — एक शिक्षिका

उत्तर : आपल्या धास्तीचे उत्तर आधी देतो. संमेलनाला जाण्यासाठी कुणाच्या निमंत्रणाची गरज नसते. मुख्य मंडपातील कार्यक्रम, परिसंवाद, कविसंमेलने आणि ग्रंथप्रदर्शन ही सर्वसाधारणपणे सर्वांसाठी खुली असतात. शुल्क भरून जी ‘प्रतिनिधी’ म्हणून नोंदणी केली जाते, ती मुख्यतः निवास आणि भोजनाच्या सोयीसाठी असते. शुल्क किती आणि त्यात काय मिळणार, हे त्या त्या वर्षीची यजमान संस्था ठरवते, म्हणून माहितीपत्रक हाती आल्याबरोबर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : निवास किती रात्रींचा आहे, स्त्रियांची व्यवस्था स्वतंत्र आहे का, आणि निवासस्थान मंडपापासून किती दूर आहे. मोठ्या शहरात हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रात्रीचे कविसंमेलन ठरल्या वेळेला क्वचितच संपते, आणि परतीच्या वाहनाच्या काळजीने शेवटचे चार कवी न ऐकता उठावे लागले, तर ती चुटपुट पुढे बरेच दिवस राहते. शहरात नातेवाईक असले, तरी त्यांचे घर दुसऱ्या टोकाला असेल तर मंडपाजवळची साधी खोली मी अधिक पसंत करीन.

महानगरात कार्यक्रम एकाच जागी असतील असेही नाही. दिल्लीला २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या काळात अठ्ठ्याण्णवावे संमेलन झाले, तेव्हा पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन विज्ञान भवनात झाले आणि पुढचे कार्यक्रम तालकटोरा स्टेडियममध्ये. अशा बंदोबस्ताच्या उद्घाटनाला प्रवेशिका लागते का, हे निघण्यापूर्वीच विचारलेले बरे.

शक्य झाल्यास आदल्या संध्याकाळी पोहोचावे, कारण ग्रंथदिंडी सहसा पहिल्या दिवशी सकाळी निघते आणि ती चुकवू नये असे मला मनापासून वाटते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा होतो. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथेशेजारी संविधानाची प्रत ठेवलेली होती, पुढे शाळकरी मुलांचे लेझीम चालले होते, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या एका लहान मुलीचा पदर सारखा सुटत होता, तो तिच्या बाई चालता चालता खोचून देत होत्या. कुणीतरी मला सहज म्हणाले, “कडेला का उभे? या, चला.” त्यानंतरचे तीन दिवस मला परके वाटले नाही.

कार्यक्रमांच्या निवडीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पत्रिका पाहून सगळेच ऐकावेसे वाटते, पण दिवसाला दोनच कार्यक्रम मन लावून ऐकावेत आणि मधला वेळ ग्रंथप्रदर्शनासाठी व माणसांसाठी मोकळा ठेवावा. मुख्य मंडपात गर्दी असते, भाषणे लांबतात. नेमका विषय घेऊन बोलणारे चार अभ्यासक बहुधा बाजूच्या सभागृहात, शंभर-दीडशे श्रोत्यांसमोर बोलत असतात. त्यांपैकी एकाचे तरी पुस्तक घरून वाचून जावे. परिसंवादात प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही, म्हणून वक्ते खाली उतरले की पुढे होऊन एकच नेमका प्रश्न विचारावा. एका ज्येष्ठ समीक्षकांना मी असाच गाठले होते. माझ्या हातातील त्यांच्या पुस्तकाच्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा पाहून ते व्यासपीठाच्या पायरीवरच बसले, चष्मा पुसला, आणि “ही खूण का केलीत?” असे त्यांनीच मला विचारले. पुढची वीस मिनिटे आम्ही त्या एका परिच्छेदावर बोलत होतो. वाचून गेलेल्या माणसाला ओळखीची गरज पडत नाही, आणि आपण तर बावीस वर्षे वाचत आणि शिकवत आला आहात.

अध्यक्षीय भाषण मात्र ऐकावेच, आणि त्याची छापील प्रत मिळाल्यास रात्री पुन्हा वाचावी, कारण वेळेअभावी व्यासपीठावरून बहुधा त्याचा काही भागच सादर होतो. १९५४ साली दिल्लीच्याच संमेलनात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटन पंडित नेहरूंनी केले होते. २०२५ साली त्याच शहरात लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. दोन्ही भाषणे मिळवून एकापुढे एक वाचली, तर वर्गात मराठी भाषेविषयी बोलताना आपल्याला पुष्कळ काही हाती लागेल.

प्रश्न : संमेलन म्हणजे राजकीय पुढाऱ्यांची गर्दी, मानापमान आणि अंमलात न येणारे ठराव. लेखकांनी घरी बसून लिहावे आणि आम्ही घरी बसून वाचावे, हे अधिक बरे नव्हे काय? — एक निवृत्त ग्रंथपाल

उत्तर : आपला आक्षेप गंभीर आहे आणि तो जवळजवळ संमेलनाइतकाच जुना आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली ती १८७८ साली. १८८५च्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा महात्मा फुले यांनी पत्राने नकार कळवला. जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र मी संमेलनाच्या इतिहासातील सर्वांत मोलाच्या कागदांपैकी एक मानतो. त्याच प्रश्नातून पुढे वेगळी व्यासपीठे उभी राहिली. मुंबईत १९५८ साली पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९९९ साली दादरला वसंत बापट यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले, त्याच वर्षी धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन झाले. म्हणून माझा आग्रह असा आहे की, एकाच गावात दोन्ही संमेलने असतील तर दोन्हीकडे जावे आणि दोन्हीकडे शेवटपर्यंत बसावे. एकाच मंडपात बसून मराठी साहित्याचे पूर्ण चित्र दिसत नाही.

पुढाऱ्यांविषयी आपण लिहिले आहे ते मला बऱ्याच अंशी मान्य आहे. व्यासपीठ लेखकांचेच असावे. परंतु सत्ता समोर बसलेली असताना लेखकाने काय बोलावे, हेही याच व्यासपीठाने दाखवले आहे. १९७५चे कराडचे संमेलन आणीबाणीच्या काळात झाले. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा उघड पुरस्कार केला आणि तुरुंगवास भोगलेल्या, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी श्रोत्यांना प्रार्थना करायला लावली. ते शब्द घरी बसून लिहिता आले असते; हजारो माणसांच्या साक्षीने उच्चारल्यामुळे त्यांचे वजन वेगळे झाले. आणि अंमलात न येणाऱ्या ठरावांचे म्हणाल, तर १९०६ सालच्या पुण्याच्या संमेलनातून महाराष्ट्र साहित्य परिषद जन्माला आली आणि ती आजही काम करते आहे.

प्रश्न : मला संमेलनात कविता वाचायची आहे. कुणाकडे शब्द टाकावा लागतो का? — एक तरुण कवी

उत्तर : शब्द टाकू नये. निमंत्रितांच्या कविसंमेलनातील नावे आयोजक ठरवतात. नवोदितांसाठी ‘कविकट्टा’ असतो, आणि त्यासाठी जाहीर केलेल्या मुदतीत कविता पाठवावी लागते. वाचायला वेळ मिनिटांचाच मिळतो, म्हणून एकच कविता पाठवावी, ती छोटी असावी, आणि तिच्याआधी प्रस्तावना करू नये. कविता पाठ असेल तर उत्तम, तरी कागद खिशात ठेवावाच. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिल्यावर पाठ असलेली ओळही ऐन वेळी निसटते. आणखी एक कळकळीची विनंती आहे. आपली कविता वाचून झाल्याबरोबर उठून जाऊ नये. कविकट्ट्यावर दुपारी तीन-चारच्या सुमारास कित्येकदा समोर पाच-सातच श्रोते उरतात, आणि दूरच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आलेला कवी त्यांच्यापुढे वाचत असतो. त्याच्यासाठी आपण तिथे बसून राहावे.

प्रश्न : ग्रंथप्रदर्शनात शेकडो गाळे असतात. खरेदी कशी करावी? — एक वाचक

उत्तर : पहिल्या दिवशी फक्त पाहावे आणि वहीत नावे टिपून ठेवावीत. मोठ्या प्रकाशकांची पुस्तके आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा टपालानेही मिळतात. लहान प्रकाशक, साहित्य संस्था आणि स्वतःच्या पैशाने पुस्तक छापणारे लेखक यांचे गाळे आधी पाहावेत, कारण त्यांची पुस्तके पुन्हा समोर येतील याची खात्री नसते. बोलीतील लेखन, स्थानिक इतिहास, लोकगीतांचे संग्रह आणि वाङ्मयीन नियतकालिकांचे जुने अंक बहुधा याच गाळ्यांवर सापडतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गाळेवाले खोकी बांधू लागतात, तेव्हा टिपलेली पुस्तके त्याआधीच घ्यावीत. गठ्ठे दोन करावेत आणि जो गाडीत वाचायचा आहे त्याची सुतळी सैल ठेवावी.