केमोनंतर एनएलआर ८.४ आला, म्हणजे बाबांकडे थोडेच दिवस उरलेत का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६२ वर्षांचे आहेत, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सोमवारी पहिली केमो झाली आणि फार थकवा वाटला म्हणून मंगळवारी घराजवळच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली. न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के (या दोन्ही पांढऱ्या पेशीच). तुम्ही पहिल्याला दुसऱ्याने भागलंत, म्हणजेच एनएलआर काढलात, ८.४ आलं, आणि कुठेतरी वाचलंत की हे गुणोत्तर ५ च्या वर गेलं की पेशंट फार काळ काढत नाही. डॉक्टर यातलं काहीच बोलले नाहीत, म्हणून ते काही लपवतायत का, असंही विचारलंय.

लपवत नाहीयेत. आणि या ८.४ वरून बाबांच्या आयुष्याबद्दल काहीही ठरवू नका. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'मंगळवारी'. केमोत उलट्या होऊ नयेत म्हणून आधी जी औषधं देतात, त्यांत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. एरवी बरेचसे न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि सुईतून येणाऱ्या रक्तात मोजलेच जात नाहीत. स्टेरॉइड मिळालं की ते भिंत सोडून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतूनही नवे बाहेर पडतात. लिम्फोसाइट उलट रक्तातून उठून अस्थिमज्जेत आणि इतर ठिकाणी जाऊन बसतात. हे सगळं काही तासांत होतं. वरचा आकडा फुगला, खालचा आटला, की भागाकार मोठा येणारच. बाबांच्या रिपोर्टमध्ये यातलंच बरंचसं दिसतंय असं मला वाटतं. डेक्सा दिलं होतं का आणि किती, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल. ते आधी बघा.

मशीनला यातलं काही कळत नाही. न्यूमोनियाच्या पेशंटचेही ८४ टक्के आणि काल डेक्सा घेतलेल्याचेही ८४ टक्के, मशीन दोघांना सारखंच छापतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून (हाच स्मिअर), रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फरक दिसतो. जोरदार इन्फेक्शन असेल तर न्यूट्रोफिलच्या पोटात गडद, भरड दाणे दिसतात आणि केंद्रकाचे तुकडे न पडलेल्या कोवळ्या पेशीही रक्तात उतरलेल्या असतात. नुसत्या स्टेरॉइडने आलेले न्यूट्रोफिल बहुधा स्वच्छ असतात, पक्व, तीन-चार पाळ्यांच्या केंद्रकाचे. म्हणून कधी शंका आली तर लॅबला 'स्मिअर बघून सांगा' एवढं म्हणायला संकोच करू नका.

आता तुम्ही जे वाचलंत ते खोटं आहे का? नाही, आणि ते उडवून लावायची माझी इच्छाही नाही. कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी शिरलेल्या असतात हे जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खोने १८६३ मध्येच नोंदवलं होतं. पुढे कळत गेलं की गाठ आणि तिच्याभोवतीच्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखे संदेश रक्तात सोडतात. त्याने यकृत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) जास्त बनवायला लागतं, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी होतं, अस्थिमज्जा न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट वाढवते. कॅन्सरच्या पेशी ओळखून मारण्याचं काम ज्यांचं, त्या लिम्फोसाइट मात्र रोडावतात. म्हणजे साध्या सीबीसीत या झटापटीची सावली पडते, हे खरंच आहे.

एनएलआर हा आकडा २००१ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेत्स यांनी मांडला, तो अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या शरीरावर किती ताण आहे ते जोखायला. कॅन्सरवाल्यांनी तो नंतर उचलला. २०१४ मध्ये १०० अभ्यास एकत्र करून, ४०,५५९ पेशंटचा हिशोब मांडला गेला. ज्यांचा एनएलआर ठरवलेल्या रेषेच्या वर होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका खालच्यांपेक्षा सुमारे १.८ पट निघाला. 'आयुष्य निम्मं होतं' असा याचा अर्थ नाही. मोठ्या गर्दीचे दोन गट केले तर एका गटाची सरासरी दुसऱ्यापेक्षा वाईट, एवढंच. दोन्ही गटांत लवकर गेलेलेही होते आणि वर्षानुवर्षं जगलेलेही. शिवाय ती रेषा कुणी ३ वर आखली, कुणी ५ वर, मधली किंमत ४. आणि अशा अभ्यासांत रक्त बहुतेक उपचार सुरू होण्याआधी घेतलेलं असतं. केमोच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त त्या तक्त्यात बसवताच येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आजाराचं पुढे कसं होईल हा एक प्रश्न, आणि दिलेलं औषध लागू पडेल का हा वेगळा. एनएलआर, झालाच तर, पहिल्याबद्दल बोलतो. तो जास्त आहे म्हणून केमो वाया जाईल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

काही कॅन्सरमध्ये असे रक्ताचे आकडे रीतसर धरले जातात. हॉजकिन लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरचा, १९९८ चा स्कोअर घ्या, त्यात पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन आहेत. पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरच्या स्कोअरमध्ये न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट आहेत. ऑपरेशन झालेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र पुढचं ठरतं ते ऑपरेशननंतरच्या बायॉप्सी रिपोर्टवर: गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथी तपासल्या (किमान १२ तपासाव्यात असा दंडक आहे), त्यांतल्या कितींत कॅन्सर सापडला. तुमचे डॉक्टर एनएलआरबद्दल बोलले नाहीत कारण त्याने त्यांचा निर्णय बदलत नाही. तो बायॉप्सी रिपोर्ट घेऊन बसा आणि त्यांना एकेक ओळ विचारा. तो तुमचा हक्क आहे.

मला स्वतःला एनएलआरपेक्षा सीआरपी आणि अल्ब्युमिनची जोडी जास्त उपयोगाची वाटते. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती वापरून दाखवली. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर एक गुण. शून्य चांगलं, दोन वाईट. मला ती आवडते कारण ती माणसाच्या अंगाशी जुळते. अल्ब्युमिन खाली, सीआरपी वर असलेला पेशंट समोर आला की बहुधा पँट कमरेवर ढिली झालेली असते, ताटातली भाकरी अर्धी राहते असं बायको सांगते. आणि तिथे काहीतरी करता येतं. लपलेलं इन्फेक्शन शोधता येतं, आहारतज्ज्ञाला भेटता येतं, दुखणं आणि मळमळ आवरता येते.

पण सीआरपी बघताना एकक वाचायचंच. आमच्याकडे एक मुलगी आईचे दोन रिपोर्ट घेऊन आली होती. पहिल्यात सीआरपी २८, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टमध्ये ३.१. सूज उतरली म्हणून तिने गावाकडे सगळ्यांना फोनही केले होते. पहिला आकडा लिटरमागे होता, दुसरा डेसिलिटरमागे (लिटरचा दहावा भाग), म्हणजे लिटरमागे ३१. काहीच उतरलं नव्हतं. तिला ते सांगताना माझा घसा कोरडा पडला. तेव्हापासून मी एककाखाली पेनाने रेघ मारून रिपोर्ट देते.

आकडा 'छान' दिसला तरी हुरळू नका, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात डेंग्यूचे रिपोर्ट येतात त्यांत न्यूट्रोफिल पडलेले आणि लिम्फोसाइट वर असतात, एनएलआर एकच्या आसपास, आणि माणूस तापाने फणफणलेला. केमोतही तसंच. डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल घसरतात. तेव्हा तुम्ही भागाकार केलात तर १ किंवा त्याहून कमी येईल आणि तुम्हाला हायसं वाटेल, पण इन्फेक्शनचा धोका सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर टोचलं, तर न्यूट्रोफिल पुन्हा एकदम चढतात, आणि तोही आकडा कॅन्सरचा नसतो.

आता काय करायचं? केमोच्या आधीचा, शक्य असेल तर ऑपरेशनच्याही आधीचा सीबीसी शोधून काढा. टक्केवारी सोडा, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या बघा. पुढच्या डोसाआधी रक्त घेतीलच, त्यातच सीआरपी आणि अल्ब्युमिन करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, आणि दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. मधल्या दिवसांत मनाने सीबीसी करत बसू नका, बाबांच्या शिरा आधीच टोचून टोचून दमल्या असतील.

आणि आज त्यांना काट्यावर उभं करून वजन घ्या. तारखेसकट वहीत लिहा, पुढच्या सोमवारी परत घ्या, आणि ती वही डॉक्टरांकडे सोबत न्या.