छेद आडवाच का घेतला?

प्रश्न : आईच्या कपाळावरची गाठ काढताना डॉक्टरांनी छेद मुद्दाम आडवा घेतला. ‘कातडीला ताणाची दिशा असते,’ म्हणाले. मुलगा म्हणतो, हे संगणकावर मांडता येतं. कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टर बरोबर बोलले. शरीररचनेचे अभ्यासक कार्ल लँगर यांनी १८६१ साली व्हिएन्नात मृतदेहांच्या कातडीला गोल दाभणाने भोकं पाडली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली. भोकांच्या दिशा जोडून लँगर यांनी शरीरभर ताणाच्या रेषांचा नकाशा काढला. छेद त्या रेषेच्या दिशेने घेतला की जखम कमी उघडते.

संगणकात कातडीचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाला ताण आणि लांबी यांचं समीकरण देतात. मी नोकरीत टायरच्या रबराची गणितं केली. पहिल्यांदा कातडीलाही रबराचंच समीकरण लावलं आणि उत्तर साफ चुकलं. मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून ओढा : आधी सहज येते, मग एकदम अडते. आतले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू नागमोडी असतात. ते सरळ होईपर्यंत विरोध थोडा, नंतर फार. गॅसर, ऑग्डन आणि होल्झाप्फेल या संशोधकांनी २००६ मध्ये धमन्यांसाठी मांडलेल्या समीकरणात तंतूंची दिशा आणि त्यांचं विखुरलेपणही येतं. तेच पुढे कातडीला लावलं गेलं.

खरी अडचण वेगळीच आहे. जिवंत कातडी मुळातच ताणलेली असते, म्हणून तर जखम उघडते. तो ताण आधी गणितात घालावा लागतो आणि वय, जागा, ओलावा यांप्रमाणे तो बदलतो. तुमच्या आईंचे आकडे तुमचे नसतात.