नमुना-पुस्तिकेत भाकऱ्या छाप

बायकांनी घडवलेल्या देवनागरी फॉन्टची नमुना-पुस्तिका काढतेयस ना? मग ‘कखगघ’ची रांग पहिल्या पानावर लावू नकोस गं, ती कुणी वाचत नाही. पूजा सक्सेना यांचा कॅम्बे फॉन्ट घे, किम्या गांधी यांचा माकू घे, पण मजकूर आपल्याकडचा लाव: तुळजापूर, कळमनुरी, लातूरचा तुरीचा भाव, चुलीवरच्या भाकऱ्या. ‘ऱ्या’तला अर्धा र आणि मराठी वळणाचा ल तिथंच कळतात. कॅम्बेला नऊ पॉइंटात सलग परिच्छेद दे. माकू हस्ताक्षराच्या वळणाचा, त्याला अख्खं पान लागतं.

सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध पिना, मारणार असशील तर पानं चारच्या पटीत. अक्षरं फक्त काळ्या शाईत. चार रंगांच्या शाया एकावर एक छापून काळा केलास आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे त्या रंगांची जुळणी, हललं की बारीक मजकुराला सावली येते. बायकांचं काम म्हणून मुखपृष्ठ गुलाबी? अजिबात नको. त्यांची नावं मोठी छाप.