'स्वतःवरचा आत्मविश्वास' आणि सोडलेले घोडे

प्रश्न असा आहे: अपघातानंतर दोन वर्षांनी एक बाई पुन्हा स्कूटर चालवायला लागल्या आहेत. 'स्वतःवरचा आत्मविश्वास परत मिळवते आहे' असं त्यांनी लिहिलं, तर मैत्रिणीने ते चुकीचं ठरवलं. चूक काय, आणि 'कॉन्फिडन्स बिल्ड करणे'ला धड मराठी शब्द आहे का?

मैत्रीण बरोबर आहे. 'आत्म' म्हणजेच स्वतः. 'स्वतःवरचा आत्मविश्वास' हे 'पिवळा पीतांबर'च झालं. हे रोज कानावर पडतं. मुलाखतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, व्यायामशाळेच्या जाहिरातीत. त्याहून वाईट म्हणजे 'माझा तुझ्यावर पूर्ण आत्मविश्वास आहे'. तुझ्यावर असेल तर तो नुसता विश्वास! यात मतभेदाला जागाच नाही.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. उमेद, हिंमत, धाडस हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. भीती सवयीने हळूहळू जाते, त्याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: धीर चेपणे. 'आधी गल्लीतच फिरवायची, आता धीर चेपलाय, हायवेला नेते.' 'बिल्ड करणे' म्हणून लोक जे सांगू पाहतात ते सगळं या दोन शब्दांत आहे, आणि तरी हा प्रयोग कुणी करत नाही.

पण गेलेलं परत येण्यासाठी माझा लाडका शब्द वेगळा आहे: अवसान. अवसान गळतं, अवसान येतं, नसलं तर उसनं आणता येतं. ते 'बांधलेलं' मात्र कुणी ऐकलेलं नाही. आता गंमत पाहा. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. पाणिनीचं सूत्रच आहे, 'विरामोऽवसानम्'. मग शेवटाचा अर्थ देणारा शब्द मराठीत धैर्याचा कसा झाला?

यावर दोन उत्तरं ऐकायला मिळतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे हा शब्द फारसी वळणाचा, कारण हिंदी-उर्दूत 'औसान' आहे, 'औसान ख़ता होना' म्हणजे भान हरपणं. अहो, 'अव'चा 'औ' होणं ही हिंदीची रोजची सवय. अवगुणाचं औगुन झालं तेव्हा कुणी इराणला गेलं नव्हतं. दुसरं उत्तर म्हणजे हे दोन वेगळे शब्द, योगायोगाने सारखे दिसणारे. उत्तर सुचलं नाही की योगायोगाला बोलवायचं, ही कोशकारांची जुनी सोय आहे.

मला वाटतं गाठ वेदात सुटते. ऋग्वेदात (१.१०४.१) इंद्राला येऊन बसायला बोलावलं आहे, आणि कसं, तर 'विमुच्या वयोऽवसायाश्वान्', म्हणजे घोडे जुवातून सोडून. 'अवसाय' इथे संपवणं नव्हे, सोडणं आहे. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, 'षो अन्तकर्मणि' (षो किंवा सो म्हणजे संपवणं) म्हणून मोकळा होतो, पण घोड्यांचा अंत करून इंद्र यज्ञाला बसला असं कोण म्हणेल? हा धातू बांधण्याचा आहे, ज्यातून सेतू आला तोच, आणि 'अव' लागला की बांधलेलं सुटतं. म्हणून अवसान म्हणजे मुळात घोडे सोडण्याची जागा, मुक्काम. दहाव्या मंडलात (१०.१४.९) यम मृताला 'अवसान' देतो. तिथे 'शेवट' घेतला तर अर्थच लागत नाही, माणूस आधीच मेलेला आहे! यम त्याला विसाव्याची जागा देतो. शेवट हा अर्थ मागून आला: प्रवास मुक्कामाला संपतो म्हणून.

आणि मुक्कामाला काय होतं? घोडा पाणी पितो, त्याला दम येतो. माझं म्हणणं असं की मराठी अवसान तिथून निघालं. पुरावा म्हणून 'दम' हाच शब्द घ्या, हा मात्र खराखुरा फारसी, अर्थ श्वास. 'जरा दम खा' म्हणजे थांब, विसावा घे. 'त्याच्यात दम आहे' म्हणजे ताकद आहे. थांबणं आणि ताकद एकाच शब्दात, आणि ते कुणालाही खटकत नाही. मग अवसानालाच का खटकावं? विश्वास तरी वेगळा कुठे आहे? वि अधिक श्वस्, मोकळा श्वास घेणं. भ्यालेल्या माणसाचा श्वास अडकतो, सुटला की विश्वास. अवसान ज्यातून आलं त्याच 'अव' अधिक 'सो'ला 'वि' लावला की व्यवसाय होतो, ज्याचा जुना अर्थ धंदा नव्हे, निश्चय. गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धि' (२.४१) दुकान चालवणारी नाही, ठाम झालेली आहे. सुटणं, स्थिरावणं, ठाम होणं ही साखळी संस्कृतातच तयार होती.

अवसानघाताबद्दलही सांगून टाकतो, कारण तिथेही गोंधळ घालतात. 'अवसान म्हणजे शेवट, म्हणून ऐन शेवटी केलेला घात' अशी फोड शिकवली जाते. मग विश्वासघात म्हणजे काय विश्वासाच्या वेळी केलेला घात? तो विश्वासाचाच घात. तसा हा अवसानाचा घात. दोर धरतो म्हणणारा माणूस तुम्ही विहिरीत अर्ध्यावर उतरल्यावर कच खातो, तेव्हा काम तर बुडतंच, पण मारला जातो तो तुमचा धीर.

तर बाईंनी आज 'धीर चेपतोय' लिहावं, आणि अपघाताच्या वळणावरून एकट्या गेल्या की 'अवसान आलं'. आत्मविश्वासच हवा असेल तर तोही चालेल, फक्त 'स्वतःवरचा' तेवढा खोडा.