वाचक विचारतात: आग्र्याच्या किल्ल्यात महाराजांची कोठडी नेमकी कुठली?

प्रश्न: मे महिन्यात फॅमिलीला घेऊन आग्र्याला गेलो होतो. किल्ल्यात गाईडने एक अंधारी खोली दाखवली, म्हणाला शिवाजी महाराजांना इथेच ठेवलं होतं. मी हात जोडले, पोरांनी फोटो काढले. घरी आल्यावर मेहुणा म्हणतो, दाजी तुम्हाला गंडवलं. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मेहुण्याला चहा पाजा, तो बरोबर आहे. महाराज किल्ल्यात कैद नव्हतेच. १२ मे १६६६ ला ते दरबारासाठी किल्ल्यात गेले, त्या दिवशी औरंगजेबाचा चांद्र कालगणनेने पन्नासावा वाढदिवस होता, आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या मुलाबरोबर, रामसिंगाबरोबर, ते पोचले तोवर दिवाण-ए-आममधला म्हणजे सगळ्यांसाठीचा दरबार उरकून बादशहा आत दिवाण-ए-खासमध्ये, निवडक लोकांच्या दरबारात, जाऊन बसलेला. मागच्या रांगेत उभं करणं, महाराजांचा भडका, सगळं तिथलं. नंतर पहारा बसला तो किल्ल्याबाहेर, रामसिंगाच्या तळाशेजारी महाराजांचा मुक्काम होता तिथे, कोतवाल फौलादखानाच्या माणसांचा. १७ ऑगस्टला ते निसटले तेही तिथूनच. त्यामुळे किल्ल्याच्या दरवाज्यातून पेटारे बाहेर पडतायत हे जे चित्र शाळेपासून डोक्यात बसलंय ते आता पुसून टाका.

किल्ल्यातला खरा कैदी शहाजहान. १६५८ पासून पोराने त्याला तिथे डांबलं ते जानेवारी १६६६ मध्ये तो मरेपर्यंत. मुसम्मन बुर्ज म्हणून नदीच्या बाजूला आठ कोनी संगमरवरी सज्जा आहे, तिथून यमुनेच्या वळणापलीकडे ताज दिसतो, तो बघितलाच असेल. बाप जिवंत होता तोवर औरंगजेब कारभार दिल्लीतूनच करायचा, बाप गेला तसा तो आग्र्याला आला आणि म्हणून महाराजांनाही दिल्लीऐवजी आग्र्याला जावं लागलं. म्हणजे शहाजहानला जाऊन जेमतेम चार महिने झालेले, तोच किल्ला, तेच महाल, आणि पोराच्या वाढदिवसाचा थाट. मला तरी हे त्या खोट्या कोठडीपेक्षा कितीतरी भारी वाटतं, पण गाईडलोक हे सांगत नाहीत, कोठडी दाखवली की टीप जास्त मिळत असावी!

प्रश्न: हा किल्ला बाहेरून लालभडक आणि आत गेलं की पांढराशुभ्र, असं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: आजोबांची आवड वेगळी, नातवाची वेगळी, एवढंच. आधी इथे बादलगढ नावाचा विटांचा किल्ला होता, तो मोडकळीला आलेला. अकबराने १५६५ मध्ये काम काढलं आणि ८ वर्षांत नवा उभा केला, आत विटांचा गाभा आणि बाहेरून लाल दगड. तटाची उंची ७० फुटांच्या आसपास, घेर अडीच किलोमीटर, आणि आकार म्हणाल तर अर्धा चंद्र, सरळ बाजू यमुनेकडे. अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल लिहितो की आत बंगाल आणि गुजरातच्या धाटणीच्या पाचशेच्या वर इमारती होत्या. आज त्यातल्या मोजक्याच उरल्यात, कारण शहाजहानला संगमरवराचं वेड, त्याने बऱ्याच पाडून खास महाल वगैरे बांधले. गंमत म्हणजे दिवाण-ए-आमचे पांढरे खांब संगमरवराचे नाहीतच. लाल दगडच आहे, वरून घोटून घोटून गुळगुळीत केलेला पांढरा गिलावा.

जुनं बघायचं तर जहांगिरी महालात जा. नाव जहांगीरचं असलं तरी बांधकाम अकबराच्या काळचं. छज्जांखालचे कोरीव टेकू बघा, वाड्यातलं लाकूडकाम वाटतं, हात लावला की कळतं दगड आहे. त्याच्यासमोर एका अखंड दगडातून कोरलेला हौद आहे, पाचेक फूट उंच, चहाच्या कपासारखा, चढायला बाहेरून पायऱ्या आणि उतरायला आतून. हा मात्र खरंच जहांगीरचा, १६१० चा. लोक त्याला टेकून सेल्फी काढतात आणि पुढे जातात, काठावर फारसी अक्षरं कोरलीत तिकडे कोणी बघत नाही.

आणि हो, अमरसिंह दरवाज्यातून शिरताना वाट सरळ आत जात नाही, मोडत मोडत जाते, मग दोन उंच भिंतींमधली चढण लागते. आपल्या गडांचा गोमुखी दरवाजा ज्याने बघितलाय त्याला हे समजवायला गाईड लागत नाही.

प्रश्न: मराठ्यांनी हा किल्ला कधी जिंकला होता का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: हो, आणि ग्वाल्हेरकरांनी विचारावं म्हणजे कमाल आहे, तुमच्याच महादजी शिंद्यांनी १७८५ मध्ये घेतला. १८०३ च्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड लेकने तो इंग्रजांकडे नेला. मधल्या काळात शिंद्यांच्या नोकरीतला जॉन हेसिंग नावाचा डच माणूस इथला किल्लेदार होता. तो लेक यायच्या काही महिने आधी वारला, बायकोने त्याची कबर बांधली ती हुबेहूब छोटा ताजमहाल, फक्त लाल दगडातला. आग्र्याच्या रोमन कॅथलिक कब्रस्तानात आहे, भगवान टॉकीज विचारलंत की रिक्षावाला बरोबर सोडेल.