रोबोटिक्स स्पर्धा आणि गणित

प्रश्न : आमच्या शाळेतील नववीच्या मुलांना रोबोटिक्स स्पर्धेत उतरायचे आहे, परंतु त्यामुळे गणित मागे पडेल, अशी भीती पालकांना वाटते. त्यांना काय सांगावे? – एक शिक्षिका, देवगड

उत्तर : बाई, पालकांना सरावालाच बोलवा. ७ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २२ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणून ११० सेंटिमीटरवरील खूण गाठण्यास ५ फेरे लागतात, हे मुलांनी आधी वहीत मांडावे आणि मगच यंत्र चालवावे. दोन चाकांमधील अंतर १४ सेंटिमीटर असेल, तर जागच्या जागी काटकोनात वळताना दोन्ही चाके विरुद्ध दिशांना अर्धा-अर्धा फेरा घेतात. याचे कारण शोधताना परीघ आणि कंस मनात पक्के बसतात. प्रत्यक्षात चाक घसरते, बॅटरी उतरते आणि यंत्र खुणेच्या अलीकडेच थांबते. ही तफावत पुन्हा पुन्हा मोजून, तिची सरासरी काढून रचना सुधारणे, हा माझ्या मते स्पर्धेतील सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यापुढे बक्षीस गौण आहे. गिअरचे गुणोत्तर शिकवताना मात्र मासेमारी बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एखाद्या पालकालाच वर्गात बोलवावे.